घरच्या ऑक्सिजनवर जगणाऱ्यांची नोंद कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : घरी ऑक्सिजन घेणाऱ्या फुप्फुसविकारग्रस्तांच्या विजेचा आणि उपचारांचा प्रश्न

ज्या कारणासाठी हे पत्र लिहीत आहे ते सुरुवातीलाच सांगते. ज्या रुग्णांना डॉक्टरांनी घरी दीर्घकाळ ऑक्सिजन घ्यायला सांगितले आहे, त्यांची वीज वितरण कंपनीने रीतसर नोंद करावी, त्यांच्या मशीनला लागणारी वीज बिलात वेगळी धरावी आणि पुरवठा बंद ठेवायचा असेल तेव्हा त्यांना पुरेसे आधी कळवावे. आणखी काही गोष्टी ओघाने येतील, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच तक्रार आहे. आमच्यासारख्यांचे उपचार रुग्णालयात फारसे होतच नाहीत. ते स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायची खोली यांच्या दरम्यान चालतात, आणि तिथे चालणाऱ्या उपचारांना उपचार मानण्याची आपल्याकडच्या बहुतेक यंत्रणांची तयारी नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे. डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. मला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा विकार आहे आणि त्यातून फुप्फुसांना फायब्रोसिस झाला आहे, म्हणजे ती व्रणांनी ताठर झाली आहेत. हवेतून सतत आत जाणाऱ्या एखाद्या गोष्टीवर, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेतील आणि पिसांतील प्रथिनांवर किंवा ओलसर जागेतल्या बुरशीवर, शरीराची प्रतिकारशक्ती फुप्फुसातच लढाई मांडते. ती लढाई वर्षानुवर्षे चालली की हवेच्या नाजूक पिशव्यांभोवती व्रण धरतात, फुप्फुस ताठर होते आणि रक्तात प्राणवायू पोचणे कठीण होऊन बसते. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा त्यांना शाळेच्या दप्तराचा वेल्क्रो उघडताना येतो तसा आवाज ऐकू येतो. माझ्या बाबतीत स्वयंपाकघरामागच्या डक्टमधली कबुतरे आणि पावसाळाभर पाझरणारी भिंत या दोन्हींवर संशय आहे. विडी-सिगारेट मी कधी ओढलेली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण नाकात नळी पाहिली की पहिला प्रश्न तोच येतो आणि दुसरा ‘टीबी तर नाही ना?’ हा असतो.

हा विकार दुर्मीळ असेल असे वाचकांना वाटण्याचा संभव आहे. फुप्फुसाच्या अशा व्रणकारक विकारांची एक देशव्यापी नोंदणी १९ शहरांतल्या २७ केंद्रांत झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, हाच आजार होता. या रुग्णांमध्ये पक्ष्यांशी संबंध आलेले सुमारे पाचात एक होते, तर घरात पाण्यावर चालणारा एअर कूलर असलेले जवळजवळ निम्मे होते. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखान्यांचा विषय विधान परिषदेपासून उच्च न्यायालयापर्यंत गेला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि आंदोलकांनी ती फाडलीही. त्या वादात माझे मत काय असेल ते वाचक ओळखतीलच. पण त्या काही आठवड्यांत दोन्ही बाजूंनी एवढे बोलले गेले, त्यात ज्यांची फुप्फुसे आधीच गेली आहेत त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल फारच थोडे आले. खानदेश-विदर्भातल्या कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्याबद्दल तर कोणी चकार शब्द काढला नाही.

आता औषधांबद्दल. सुरुवात बहुधा स्टेरॉइडने होते. प्रेडनिसोलोनने पहिल्या काही आठवड्यांत खोकला उतरतो, भूक लागते, माणूस खूश होतो. मग झोप उडते, चेहरा सुजतो, साखर वाढते, मांड्यांतले बळ जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. गोळी नकोशी झाली म्हणून ती एकदम बंदही करता येत नाही, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे तोवर कमी केलेले असते. पुढे बहुतेकांना मायकोफिनोलेटसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले जाते, आणि मग घरात कोणाला सर्दी झाली तरी त्या माणसाला दुसऱ्या खोलीत झोपायला सांगावे लागते. लग्नकार्ये, हळदीकुंकू, गणपतीत लोकांकडे जाणे हे हळूहळू सुटते.

तिसरे औषध निंटेडॅनिब. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली तेव्हा ते कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिससाठी होते. पुढे २०१९ मध्ये इनबिल्ड नावाच्या मोठ्या चाचणीत माझ्यासारख्या, म्हणजे इतर कारणांनी होणाऱ्या आणि वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसवरही ते उपयोगी पडते असे दिसले. उपयोगी म्हणजे किती? औषध न घेणाऱ्यांची फुप्फुसाची क्षमता वर्षाला सरासरी १८८ मिलिलिटरने घटली, तर घेणाऱ्यांची ८१ मिलिलिटरने. गेलेले परत येत नाही, जाण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या तिघांपैकी जवळजवळ दोघांना जुलाबांचा त्रास झाला.

हे आकडे दोन ओळींत लिहून होतात, पण त्यांच्यामधला काळ रोज काढावा लागतो. या औषधाची अडचण अशी, की ते लागू पडले तर रुग्णाला काहीच जाणवत नाही. धाप कमी होत नाही, जिना सोपा होत नाही, खोकलाही फारसा हटत नाही. जाणवतो तो फक्त त्रास. सकाळी आणि रात्री भरल्या पोटी कॅप्सूल घ्यायची, आणि भूक तर औषधानेच मेलेली. पोट कधी उठेल याचा भरवसा नसल्याने बाहेर निघताना आधी शौचालय कुठे आहे याची चौकशी करायची. वजन उतरत जाते आणि भेटायला येणारे ‘बारीक झालात, बरं वाटतंय का आता?’ असे कौतुकाने विचारतात. सुरुवातीचे तीन महिने दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी करावी लागते. खर्चाचे ओझे वेगळेच. भारतीय कंपन्यांची औषधे आल्यापासून किंमत पूर्वीपेक्षा खूप उतरली आहे, तरी पेन्शनवाल्या घराला ती दर महिन्याला बोचतेच. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना पिर्फेनिडोन हे दुसरे औषध चालू आहे. त्याने उन्हात कातडी भाजून निघते, म्हणून ते मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून छत्री घेऊन बाहेर पडतात आणि दोनशे मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसभरात मूठभर गिळतात.

अशा स्थितीत पुष्कळ जण डॉक्टरांना न सांगता औषध सोडतात, आणि मला त्यांचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य याचे वाटते, की जुलाब होणारच हे धरून जुलाबावरची गोळी आधीच जवळ ठेवावी, काही दिवस औषध थांबवून पुन्हा सुरू करता येते, १५० ऐवजी १०० मिलिग्रॅमची मात्रा चालते, दूध काही दिवस बंद ठेवून ताकभात-पेजेवर राहून पाहावे, या साध्या गोष्टी बहुतेकांना औषध सुरू करतानाच कोणी सांगत नाही. छातीच्या डॉक्टरांच्या बाहेर रांग एवढी असते, की त्यांच्याकडून ही अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. हे काम प्रशिक्षित परिचारिकेचे किंवा औषधनिर्मात्याचे आहे. मधुमेहाच्या दवाखान्यांत आहाराविषयी समजावून सांगणारी मुलगी बसलेली असते, तशी कोणी फुप्फुसविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात मला आजवर भेटलेली नाही.

यानंतर ऑक्सिजन. विश्रांतीतही रक्तातले प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याहून खाली राहू लागले की घरी मशीन घेण्याचा सल्ला दिला जातो. मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. यात ऑक्सिजन भरावा लागत नाही. मशीन खोलीतली हवा ओढून घेते, झिओलाइटच्या दाण्यांमधून दाबाने सोडते, नायट्रोजन तिथे अडकतो आणि नळीतून साधारण ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर येतो. पाच लिटरच्या मशीनला ४०-५० हजार रुपये पडतात. ते आकाराने लहान कपाटाएवढे असते आणि चालू असताना त्याची घरघर व दर काही सेकंदांनी येणारा फुसकारा रात्रंदिवस कानात राहतो. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरायचे, मागची जाळी आठवड्याला धुवायची, नाकातली नळी ठरावीक काळाने बदलायची. हे सगळे अंगवळणी पडते. न पडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट आग. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात साधी ठिणगीही भडकते. त्यामुळे नाकात नळी असताना गॅसजवळ जायचे नाही, उदबत्ती लावायची नाही, देवापुढे समई लावायची नाही. ज्या बाईने आयुष्यभर संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला तिला हे सांगणारा माणूस कोणी तरी हवा, आणि तो बहुधा मशीन पोचवायला आलेला टेम्पोवाला पोरगा असतो. आमच्याकडे आता देवघरात विजेवरचा दिवा आहे. गणपतीची आरती बाहेरच्या खोलीत होते, मी आतल्या खोलीतून टाळ्या वाजवते आणि कापूर विझल्यावर नमस्काराला येते. नाक कोरडे पडून रक्त येते म्हणून त्याला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावेसे वाटते, तेही करायचे नाही. ऑक्सिजनच्या जोडीला तेलकट पदार्थ नको, पाण्याचा अंश असलेले जेल वापरावे, हे मला दुसऱ्या एका रुग्णाने फोनवर सांगितले.

दुसरी गोष्ट आंघोळ. निरोगी माणसाला कल्पना येणार नाही, पण दिवसातले सर्वांत कष्टाचे काम हेच. वाकून बादलीतून तांब्या उचलणे, हात डोक्याच्या वर नेणे, वाफेने कोंदलेली हवा आणि वर श्वास रोखून डोक्यावर पाणी घेणे, या चारही गोष्टी एका वेळी घडतात. बोटावरच्या ऑक्सिमीटरने ९३ दाखवलेले असले तरी न्हाऊन बाहेर येईपर्यंत तो आकडा ८० च्या खाली गेलेला असतो. उपाय सोपे आहेत. न्हाणीघरात प्लॅस्टिकचे स्टूल, दार थोडे उघडे, कोमट पाणी, नाकातली नळी आंघोळीतही तशीच चालू, आणि अंग पुसत बसण्याऐवजी पंचाचा जाड झगा अंगात घालून खाटेवर बसून राहणे. केस विंचरायचे ते कोपर टेबलावर टेकवून. जिना चढताना पायरीवर पाऊल टाकताना श्वास सोडायचा, आणि सोडताना शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. दम लागला की छोटा पंखा चेहऱ्यासमोर, नाकागालांवर वारा येईल असा धरायचा. त्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही, पण घुसमट खरोखर कमी होते.

हे सारे मला शिकवले ते एका फिजिओथेरपिस्टने, आणि ज्या कार्यक्रमात शिकवले त्याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुप्फुस-पुनर्वसन म्हणतात. आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे, मोजूनमापून व्यायाम, श्वासाचे तंत्र, आहार आणि मनातल्या भीतीबद्दल मोकळे बोलणे, एवढेच त्याचे स्वरूप. सीओपीडीच्या, म्हणजे विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेल्या रुग्णांमध्ये याने चालण्याची ताकद वाढते, धाप कमी होते आणि रुग्णालयात पुन्हा भरती होण्याचे प्रमाण उतरते हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. फायब्रोसिसच्या रुग्णांनाही त्याचा फायदा होतो. यासाठी यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही. तीस मीटरची मोकळी मार्गिका, दोन खुर्च्या, ऑक्सिमीटर, हलके डंबेल्स आणि शिकवणारा माणूस लागतो. असे असताना हे कार्यक्रम मुंबई-पुण्याच्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच मिळावेत आणि जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी म्हणजे फक्त गुडघे आणि पाठ असे चित्र राहावे, हे मला पटत नाही. चुलीच्या धुराने सीओपीडी झालेल्या बायका गावात आहेत, टीबी बरा होऊनही फुप्फुस निकामी राहिलेले खाणीतले कामगार आहेत. त्यांना मुंबईला आठवड्यातून दोनदा येणे कसे परवडेल?

पुन्हा ऑक्सिजनकडे वळते, कारण विजेचा मुद्दा तिथेच आहे. दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन घ्यावा हा नियम १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांतून आला. त्या दोन्ही चाचण्या सीओपीडीच्या रुग्णांवर झाल्या होत्या. २४ तास नळी लावली तर आणखी फायदा होईल का, हे स्वीडनमध्ये २४१ रुग्णांवर तपासले गेले. २०२४ मध्ये त्याचा निकाल आला. वर्षभरातले मृत्यू आणि रुग्णालयातल्या भरती पाहता १५ तासांच्या आणि २४ तासांच्या गटांत फरक दिसला नाही. बरे वाटले म्हणून परस्पर तास कमी करू नयेत आणि ज्याला हालचालीत ऑक्सिजन लागतो त्याने तो काढू नये, हे आलेच. पण नळी काढून दोन घटका गॅलरीत बसलेल्या रुग्णावर घरच्यांनी ओरडण्याचे कारण नाही, एवढा दिलासा त्यातून नक्की मिळतो.

पाच लिटरचे मशीन साधारण ३५० वॅटचे असते. ते १६ तास चालले तर दिवसाला साडेपाच युनिटच्या वर वीज जाते, महिन्याला सुमारे १७० युनिट. दोन माणसांच्या ज्या घराचे बिल एरवी शंभर युनिटच्या आत येत होते ते आता अडीचशेच्या पुढे जाते. राज्यात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते आणि शंभरच्या पुढच्या युनिटचा दर आधीच्या साधारण दुप्पट आहे. म्हणजे मशीनची बहुतेक सगळी वीज महागड्या टप्प्यात मोजली जाते. उन्हाळ्यात एसी लावणाऱ्याला जो दर, तोच नळीतून श्वास घेणाऱ्याला. वीज कंपनीच्या एका कार्यालयात मी प्रमाणपत्र घेऊन विचारणा केली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने सहानुभूतीने ऐकून घेतले आणि अशा अर्जासाठी त्यांच्याकडे कोणताच नमुना नाही असे सांगितले. त्याचा काही दोष नाही, त्याच्या संगणकात जो रकाना नाही तो तो कुठून भरणार?

बिलाहून मोठी चिंता वीज जाण्याची आहे. देखभालीसाठी सकाळी नऊ ते दुपारी दोन पुरवठा बंद, असा संदेश कधी आदल्या रात्री येतो, कधी वीज गेल्यावर. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हे मशीन तीन-चार तास चालते, तेही पंखे बंद ठेवून. बॅटरी जुनी असेल तर तेवढेही नाही. मग सिलिंडर. घरी ठेवता येण्याजोग्या दहा लिटर पाण्याच्या क्षमतेच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरने तो साडेबारा तास पुरतो, चार लिटरने सव्वासहा तास. तो दुसऱ्या मजल्यावर चढवायला माणूस लागतो आणि भरून आणायला पुन्हा माणूस. एकट्या राहणाऱ्या वृद्ध जोडप्याने हे कसे करावे? वीज किती वाजता जाणार हे दोन दिवस आधी कळले तरी निम्मी धावपळ वाचेल.

ही मागणी काही जगावेगळी नाही. केरळमध्ये घरी जीवरक्षक उपकरणांवर असलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर त्या उपकरणांपुरती वीज मोफत देण्याची पद्धत राज्य वीज मंडळाने लावली आहे. इंग्लंडमध्ये घरच्या ऑक्सिजन मशीनला लागलेल्या विजेचे पैसे रुग्णाला परत मिळतात. तिथल्या वीज कंपन्या अशा ग्राहकांची प्राधान्य यादी ठेवतात आणि नियोजित दुरुस्तीआधी त्यांना कळवतात. आपल्या राज्यात विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यापूर्वी जनसुनावण्या होतात. त्यांत उद्योजक येतात, शेतकरी संघटना येतात, ग्राहक संघटना येतात. ऑक्सिजनवर असलेला माणूस सुनावणीला येणार कसा? म्हणून ग्राहक संघटनांना माझी विनंती आहे, की पुढच्या सुनावणीत त्यांनी आमचा मुद्दा मांडावा. मोफत नको असेल तर नका देऊ, पण निदान मशीनची वीज पहिल्या टप्प्याच्या दराने धरा.

बाकीच्या व्यवस्थांबद्दल थोडक्यात लिहिते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी आहे आणि तिची मदत पाच लाखांपर्यंत वाढली हे चांगलेच झाले, पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरचे मशीन आणि महिन्याची औषधे तिच्या कक्षेत येत नाहीत. खासगी आरोग्य विम्याच्या खर्च न मिळणाऱ्या बाबींच्या यादीत ‘रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर’ हे शब्द छापलेलेच आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस योजनेत मात्र कॉन्सन्ट्रेटरच्या खर्चाची तरतूद आहे. म्हणजे हे उपकरण चैनीचे नाही, हे सरकारला मान्य आहे. मग ते मान्य असणे फक्त केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरते का? यात सरकारचा तोटाही नाही. घरी ऑक्सिजन नसलेला रुग्ण वारंवार रुग्णालयात भरती होतो आणि तो खर्च योजनेतूनच जातो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. त्यात फुप्फुसाचा कोणताही विकार नाही. त्यामुळे दहा पावलांत ऑक्सिजन घसरणाऱ्या माणसालाही प्रमाणपत्र मिळत नाही. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांना प्रवासाची मुभा आहे, ती रास्तच आहे. आम्हाला ती नाही. आमचा आजार बसल्या जागी दिसत नाही. खुर्चीवर बसलेली मी अगदी धडधाकट वाटते, आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर मला पुढचे वाक्य बोलता येत नाही. फुप्फुसाची कार्यक्षमता स्पायरोमेट्रीने आणि सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीने आकड्यांत मोजता येते, तेव्हा प्रमाणपत्राचा निकष ठरवणे अवघड नाही. यादीत भर घालण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे. तोवर रेल्वेने निदान डब्याची मुभा द्यावी.

एक गोष्ट मात्र सरकारची वाट न पाहता होऊ शकते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेक गृहनिर्माण संस्थांनी, गणेशोत्सव मंडळांनी आणि सेवाभावी संस्थांनी कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले किंवा देणगीत मिळवले. त्यातले कित्येक आजही सोसायटीच्या कार्यालयात किंवा मंडळाच्या गोदामात प्लॅस्टिकखाली पडून आहेत. गावोगावी खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर अनामत घेऊन वापरायला देणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. ही मशीन त्यांच्याकडे दिली तर गरजूंपर्यंत पोचतील. मात्र देण्यापूर्वी एक काळजी घ्यावी. बंद पडून राहिलेल्या मशीनमधले झिओलाइट हवेतला ओलावा शोषून निकामी होते, विशेषतः कोकणपट्टीतल्या दमट हवेत. मशीन चालू होते, घरघरते, नळीतून वाराही येतो, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो आणि रुग्णाला ते कळत नाही. म्हणून तंत्रज्ञाकडून शुद्धता मोजून घ्यावी. पूर्ण प्रवाहावर ती ८५ टक्क्यांच्या खाली येत असेल तर दाण्यांचे सिलिंडर बदलावेत किंवा ते मशीन कोणाला देऊ नये. जे वापरात नाहीत पण चांगले आहेत ते महिन्यातून एकदोनदा काही तास चालू ठेवावेत आणि त्याची तारीख मशीनवरच्या चिठ्ठीत लिहून ठेवावी.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)